धुळ्यातल्या एका आखूड गल्लीचा इतिहास कसा काढायचा?

पांझराकाठ:
राम राम मंडळी. नव्या धुळ्यातल्या जेमतेम वीस घरांच्या गल्लीचा इतिहास लिहायला घेतलाय. १८८० च्या गॅझेटिअरमध्ये (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) शहराची माहिती भरपूर आहे, गल्लीबद्दल अक्षर नाही. तीन घरांनी कागद दाखवायचं कबूल केलंय: मोडीतली खरेदीखतं आणि मारवाडी बह्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या. कोणत्या क्रमाने जाऊ? आणि गल्ली १८१८ नंतर इथे आलेल्या इंग्रज अधिकारी ब्रिग्जच्या आखणीतली की नंतरची, हे कशावरून ओळखायचं?

दप्तरी:
भाऊ, एवढ्याशा गल्लीची स्वतंत्र फाइल कुठेच सापडत नाही. ती सापडते दोन्ही बाजूंच्या घरांच्या चतुःसीमांमध्ये, म्हणजे खतात लिहिलेल्या चारही बाजूंच्या हद्दींमध्ये.

आधी नगर भूमापन कार्यालयातून त्या भागाच्या नकाशाची नक्कल घ्या. रस्त्याला सहसा क्रमांक नसतो, घरांना असतो. ते क्रमांक उतरवून एकेक मालमत्ता पत्रक (जागेच्या हक्काचा सरकारी उतारा) काढा. 'हक्काचा मूळ धारक' या रकान्यातलं नाव भूमापनाच्या वेळच्या धारकाचं असतं. घर बांधणारा तोच, असं बरेच जण धरून चालतात आणि इतिहास दोन पिढ्या अलीकडे येतो. त्याच्या मागे जायचं तर भूमापनाच्या वेळची, हक्कांच्या चौकशीची नोंदवही मागा. जागा वारसाने आली, खरेदीने की सनदेने, ते तिथे कळतं. पत्रक नव्याने लिहिलेलं असेल तर जुन्या पत्रकाचीही नक्कल मागा, कारण रद्द झालेल्या नोंदी नव्यात उतरतीलच असं नाही.

मग खरेदीखतं. प्रत्येक खताची तारीख आणि चार बाजू नकाशाच्या ट्रेसिंगवर लिहीत जा. एका खतात 'पूर्वेस पडीत जागा', पुढच्यात 'पूर्वेस बोळ', त्याच्या पुढच्यात 'पूर्वेस सरकारी रस्ता' असं आलं, तर पहिल्या दोन तारखांच्या मध्ये तुमची गल्ली जन्मली. 'येण्याजाण्याची वहिवाट' असे शब्द दिसले तर ती आधी खासगी वाट असणार. हे शब्द जसेच्या तसे टिपा, सगळ्याला 'रस्ता' म्हणू नका.

घर नंबरवर मात्र भिस्त नको. घरपट्टीच्या फेरआकारणीत नंबर बदलतात, वाटणीत वाड्याचे तुकडे पडतात. आजोबा आणि नातू एकाच नावाचे असतात, म्हणून वडिलांचं नाव जुळल्याशिवाय माणूस जुळवू नका.

सागवान:
दप्तरीकाकांनी सांगितलं त्यात आखणीची भर घालते. कॅप्टन ब्रिग्जने १८१८ नंतर धुळं जिल्ह्याचं ठाणं केलं, जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली. लोकांनी येऊन राहावं म्हणून जागा कायमच्या बिनसाऱ्याने दिल्या, घरं बांधायला आगाऊ रकमाही दिल्या. म्हणून पत्रकात सत्ता प्रकार (जागा कोणत्या हक्काने धारण केली ते) आणि आकारणीचे रकाने नीट बघा. एका ओळीत सलग घरांना सारा नसेल तर त्या सवलतीचा माग असू शकतो. एवढ्यावरच ठरवू नका, मूळ सनद किंवा जुनं खत हवंच.

१८१९ मध्ये गावात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. तेव्हा आज दिसणाऱ्या सगळ्या सरळ गल्ल्या पहिल्याच वर्षी घरांनी भरल्या, असं मानायला जागा नाही. शिवाय १८७२ च्या पुरात बरीच घरं गेली. नदीच्या अंगाला असाल तर घराचं वय आणि गल्लीचं वय वेगळं धरा.

बह्यांत फसगत होते ती तारखांत. शकात ७८ मिळवले की काम झालं (पौषाच्या पुढे इंग्रजी साल बदललं की ७९). विक्रम संवत तितका सरळ नाही. वर्ष कार्तिकापासून धरलं असेल तर चैत्र ते आश्विन या महिन्यांसाठी ५६ वजा करा, चैत्रापासून धरलं असेल तर ५७. त्यात मारवाडी महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे बहीतली 'कार्तिक वदी' म्हणजे आपलं आश्विन वद्य. वार लिहिलेला असेल तर जुन्या पंचांगाशी तो पडताळल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

ओटा_जोतं:
कागद नसलेल्या घरांकडे ओट्यावरून बघा. रस्त्यावर थरावर थर चढत गेले की खालच्या पायऱ्या गडप होतात. प्रत्येक घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची उंची मोजा आणि नकाशावर लिहा. शेजाऱ्यांपेक्षा ज्यांचे उंबरे बरेच खाली गेलेत ती बहुधा जुनी. बहुधा म्हणतो, कारण दुरुस्तीत जोतं उचललेलं असू शकतं. दारावरच्या शकाच्या दगडाचंही तेच: तो आजूबाजूच्या चिऱ्यांत सांधलेला आहे की नंतर चुन्या-सिमेंटात बसवलाय, ते बघा.

पांझराकाठ:
ताई, काका, मनापासून आभार. मोडी कुणाकडून वाचून घ्यावी?

दप्तरी:
राजवाडे संशोधन मंडळात विचारा, १९२७ पासून धुळ्यात हेच काम चालतं. मूळ कागद घेऊन फिरू नका. तिरप्या उजेडात फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवा, पाठचेही काढा, कारण शेरे मागे असतात. आणि त्या तिन्ही घरांना आजच निरोप द्या: कागद लॅमिनेट करू नका, घडीवर सेलोटेप लावू नका. डिंकाने कागद पिवळा पडतो आणि सोलताना अक्षरं निघून येतात.