'परिक्रमा एकट्यानेच करावी' म्हणणाऱ्यांसाठी

काठीवाला:
एक पोस्ट गेला आठवडाभर माझ्याकडे वेगवेगळ्या ग्रुपांवरून येते आहे. लिहिणाऱ्या गृहस्थांनी नर्मदा परिक्रमा, म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून तिला पूर्ण वळसा, पायी पूर्ण केली, त्याबद्दल दंडवत. पण त्यांचं म्हणणं असं की परिक्रमा एकट्यानेच करावी, सोबत घेतली की तिची सहल होते. आणि शेवटी, 'ओंकारेश्वरहून निघालेला मी परत आलोच नाही, आला तो दुसराच कोणी.' खाली 'नर्मदे हर'चा पाऊस.

माझं डोकं फिरलं ते त्या 'सहल'वर. मीही ओंकारेश्वरहूनच उचलली, एकट्याने, मोठ्या हौसेने. बडवानीजवळ एक निवृत्त एसटी ड्रायव्हर चिकटला, खानदेशातला. पहाटे साडेतीनला उठून प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान भरायचा. रात्री घोरणं असं की आश्रमाचा पत्रा हलावा. आणि कुठल्याही चढावर 'दोनच किलोमीटर राहिलं, भाऊ.' ते दोन कधीच नसायचे. त्याला चुकवून मी पुढे सटकूनही पाहिलं. पुढच्या आश्रमात हा आधीच आसन लावून बसलेला.

मग शूलपाणी झाडीत, म्हणजे वाटेतल्या त्या डोंगराळ आदिवासी जंगलपट्ट्यात, बिलगावच्या अलीकडे, माझ्या टाचेला फोड आला. या माणसाने सुईत दोरा ओवला, सुई काडीवर तापवली, फोडातून आरपार काढली आणि दोरा तसाच आत ठेवला, पाणी झिरपत राहावं म्हणून. पुढचे काही दिवस तो माझ्या गतीने चालला. शिव्या देत, पण चालला. कोणामुळे रखडणं त्याला परवडत नाही हे मला माहीत होतं, चातुर्मासाआधी त्याला घर गाठायचं होतं.

एकटा चालत होतो तोवर मी फार शांत आणि क्षमाशील माणूस आहे असा माझा समज होता. राग धरायला समोर कोणी नसेल तर कोणीही संत होतो. शिवाय एकटा म्हणजे किती एकटा? नदीच्या मुखाशी कठपोरला भरतीची वाट बघत आपण सगळे ताटकळतो, पलीकडच्या काठावर मिठी तलाईला जाणाऱ्या होडीत गुडघ्याला गुडघे लावून बसतो. आश्रमात शिरलं की पहिला प्रश्न 'कितने मूर्ती?', म्हणजे किती जण. आणि माणूस बदलला की नाही हे त्याने स्वतः जाहीर करू नये. घरच्यांना विचारावं.

रेवाशरण:
ती पोस्ट माझी नाही, पण मत माझंही तेच, म्हणून लिहितो. तुम्हाला ड्रायव्हर वाटेत भेटला, तुम्ही घरून घेऊन निघाला नव्हतात. फरक आहे. घरून टोळी करून निघणारे मी पाहिलेत. महेश्वरच्या घाटावर बसून फ्लॅटचे भाव. मंडलेश्वरला पोचेपर्यंत दोन गट, आणि त्यातला एक बसने पुढे.

माझ्यापुरतं सांगतो. मी निघालो तेव्हा रोज पिणारा होतो. मित्र बरोबर यायला तयार होते आणि प्यायलो ते सगळं याच मित्रांबरोबर. त्यांना न सांगता निघालो. अमरकंटकच्या अलीकडच्या जंगलात दिवसभर माणूस दिसत नाही, नर्मदामैया उजव्या हाताला, तीही कधी झाडांआड गेलेली. तिथे हात थरथरत असताना विचारणारं कोणी नव्हतं, म्हणूनच निभावलं. कोणी असतं तर 'एक घोट घे, बरं वाटेल' म्हणालं असतं. बाटली आजतागायत बंद आहे. घरच्यांना खुशाल विचारा.

उंबरठा:
घरच्यांना विचारा म्हणताय म्हणून घरची सांगते. आमचे हे गेल्या वर्षी करून आले. पांढरे कपडे, बोलणं हळू, कशालाच 'मी' म्हणत नाहीत. 'कर्ता मी नाही.' त्यामुळे विजेचं बिल, गॅसचा नंबर, सासूबाईंचं इन्सुलिन, यांचीही कर्ती आता मीच. ते गेल्यावर होतेच, आता ते घरात असतानाही आहे.
रेवाशरण, तुमच्या घरच्यांचं खरंच चांगलं झालं, त्यात टोमणा नाही. पण या धाग्यावर कोणी हेही विचारा की मागे राहिलेल्यांमध्ये काय बदललं.

खडूस आजोबा:
मूळ परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात एका जागी मुक्काम. तुम्ही सगळे चार-पाच महिन्यांत पळत सुटता आणि एकटं की दुकटं यावर वाद घालता! हल्ली तर चैत्रात उत्तरवाहिनी, म्हणजे नदी उत्तरेला वाहते तेवढ्याच टप्प्याची छोटी परिक्रमा, एका दिवसात उरकून येतात आणि नावापुढे परिक्रमावासी लावतात. चालू द्या.

शहादेकर:
एकटे या नाहीतर वऱ्हाड घेऊन या, जेवायला आमच्याकडेच येता. आमचं घर शहादा-प्रकाशा रस्त्याला. लहानपणापासून बघतोय, दारात 'नर्मदे हर' ऐकू आलं की आई हातातलं काम टाकून उठते. कार्तिकी एकादशीनंतर जी रीघ लागते ती उन्हाळ्यापर्यंत. पूर्वी कधीतरी एखादा साधू यायचा, शिधा घ्यायचा, अंगणात गोवऱ्यांवर स्वतःचे टिक्कड भाजून निघायचा. आता पुण्या-मुंबईचे येतात. चहा बिनसाखरेचा, आंघोळीला गरम पाणी, चार्जिंगला जागा. आणि रात्री आमच्याच ओट्यावर बसून स्टेटस टाकतात, 'आज भूक लागली होती, मैयाने समोर ताट वाढलं.'
मैयाने नाही. माझ्या आईने. गुडघे दुखत असताना.

रेवाशरण:
शहादेकर, मैया कोणाच्या तरी हातूनच देते. तुमच्या आईचा अपमान कोणी केला नाही. सदावर्ताची, म्हणजे वाटसरूला फुकट जेवू घालण्याची, परंपरा अहिल्याबाईंच्याही आधीपासूनची, तिचा असा हिशोब मांडायचा नसतो.

शहादेकर:
हिशोब मांडायचा नसतो हे नेहमी खाणाराच कसा सांगतो? आईने कधी मांडला नाही, पुढेही मांडणार नाही, तिची श्रद्धा आहे. मी मांडतोय. पेन्शन घेणारा धडधाकट माणूस कापूस वेचणाऱ्या बाईच्या घरी महिनाभराचं पीठ संपवतो आणि त्याला वैराग्य म्हणतो. जाताना ताट तरी घासा.

काठीवाला:
मूळ मुद्दा सोबतीचा होता, हे आपलं उगाच आठवण म्हणून.

धडगावकर मास्तर:
आता विषय निघालाच आहे तर झाडीचंही बोलू. मी अक्राणीत, म्हणजे धडगाव तालुक्यात, नोकरी केली. तुमच्यातला प्रत्येक जण 'मामा लोक (झाडीतले भिल्ल) लुटतात, लंगोटीवर आणतात, तिथे अहंकार गळतो' हे चवीने सांगतो. आता लूट जवळपास थांबली, तर काहींना चुकल्यासारखं वाटतं, असं मी कानांनी ऐकलंय. त्या मामांचं काय लुटलं गेलं हे कोणी लिहीत नाही. महाराष्ट्रातली ३३ गावं सरदार सरोवराने बाधित झाली, पहिलं मणिबेली. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटरवर पूर्ण झालं. परिक्रमेची जुनी काठाची वाट पाण्याखाली गेली, म्हणून तुम्ही डोंगरावरून वळसा घेता आणि चढ फार म्हणून कुरकुरता. त्याच डोंगरावर सरकलेल्या झोपडीतून तुम्हाला मक्याची भाकरी मिळते.

रेवाशरण:
म्हणजे आम्ही चालायचंच नाही का? सरळ तसं म्हणा ना. धरण आम्ही बांधलं नाही. चार महिने अनवाणी चालून आलेल्या माणसाला घरबसल्या ढोंगी म्हणणं फार सोपं आहे.

धडगावकर मास्तर:
ढोंगी हा शब्द तुमचा. मी वापरला नाही. आणि घरबसल्या म्हणाल, तर त्या गावांच्या शाळांत मी पायीच जात होतो, तिकडे रस्ते नव्हते. त्याचं कोणी प्रमाणपत्र देत नाही.

वाट_वाकडी:
पुरुषमंडळी, जरा थांबा. 'एकट्यानेच करावी' हे पुरुषाने पुरुषांसाठी लिहिलंय हे कोणाच्याच लक्षात येऊ नये? मी एकटी निघाले होते. आश्रमात मला 'कितने मूर्ती' कोणी विचारलं नाही. 'माताराम, साथ में कौन है?' आणि 'कोई नहीं' म्हटलं की शांतता. एका ठिकाणी मला व्हरांड्यात झोपू दिलं नाही, माझ्याच काळजीपोटी म्हणे, आणि अंधार पडल्यावर पुढच्या गावी जायला सांगितलं. नेमावरपासून दोन म्हाताऱ्या बहिणी भेटल्या, विदर्भातल्या. दिवसभर एकमेकींशी भांडायच्या. मी त्यांची भाची झाले. त्यानंतर सगळी दारं उघडली.
त्यांनी मला बदललं का? माहीत नाही. रात्री बाहेर जायचं असलं की धाकटी न बोलता उठायची, काठी आपटत पुढे चालायची आणि पाठ करून उभी राहायची. वैराग्यावर मला त्यांच्याकडून एक अक्षरही ऐकायला मिळालं नाही.

उंबरठा:
वाट_वाकडी, +१. या बहिणींना माझा नमस्कार कळवा.

रेवाशरण:
ठीक आहे. बायकांच्या बाबतीत एकट्याने जाण्याचा आग्रह धरू नये, मान्य. पण ज्याला व्यसनातून, धंद्यातून, चौकडीतून सुटायचं आहे त्याला घरून सोबत नेऊ नका म्हणेन, आणि म्हणतच राहीन. मास्तरांचं म्हणणंही ऐकलं. सूर आवडला नाही.

काठीवाला:
घरून नेऊ नका, वाटेत मिळालेली टाळू नका, एवढ्यावर तडजोड करायची तर मी तयार आहे. पण त्या पोस्टमध्ये हे नव्हतं. त्यात सोबत म्हणजे बेडी होती.

खडूस आजोबा:
इतकं लिहून एकमत झालं? नवल आहे. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस यावर अजून कोणी बोललेलं नाही.

पहिलटकर:
काठावरून वाचत होतो. दिवाळीनंतर निघायचा विचार आहे, वय ५८, मधुमेह. दोन प्रश्न. बिनसाखरेचा चहा मागायचाच नाही का? आणि झाडीतून जावं की शहाद्यावरून?

शहादेकर:
मधुमेह असेल तर मागा हो. चहा न घेता पाणी मागितलंत तरी चालेल. शहाद्यावरून आलात तर आमच्याकडे उतरा, दोघं असलात तरी. सामानात औषधं वरच्या कप्प्यात ठेवा.

धडगावकर मास्तर:
झाडीतून जा. वयाचं कारण सांगू नका, तिथल्या म्हाताऱ्या डोक्यावर मोळी घेऊन तोच चढ चढतात. फक्त कोणी भाकरी दिली तर त्यांचं नाव विचारा. आणि मुलांना बिस्किटं वाटत फिरू नका, वेष्टनं मागे राहतात.

रेवाशरण:
निघाच. एकटे.