रात्रगस्तीची गाडी गावापर्यंत का पोहोचत नाही?

शेतकरी, दारव्हा तालुका: कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या शिवारातून मोटारपंपाच्या केबली चोरीला जातात, तरी रात्रगस्त क्वचितच दिसते. बीट अंमलदाराकडे, म्हणजे आमची गावे नेमून दिलेल्या पोलिसाकडे, नेमके कोणते काम असते?

निवृत्त हवालदार: समन्स बजावणे, पंचनामा, अकस्मात मृत्यूची चौकशी, न्यायालयातील साक्ष आणि पोळ्यापासून गणपतीपर्यंतचा बंदोबस्त एवढे सगळे उरकल्यावर रात्रगस्तीच्या यादीतही बहुधा त्याचेच नाव असते. त्यातच 112 वर कॉल आला की गाडी तिकडे वळते आणि ठरलेला मार्ग अर्धवट राहतो. नाल्याला पूर आला असेल तर विचारूच नका. डब्यातली भाकर गाडीच्या बॉनेटवर ठेवून दोन घास खाल्ले, तेच जेवण.

पोलीस पाटील: हवालदारसाहेबांचे म्हणणे खरे असले, तरी चोरी नोंदवलीच नाही तर गस्तीचा मार्ग बदलणार कसा? केबल गेली की आपली माणसे ठाण्याच्या चकरा नकोत म्हणून गप्प बसतात. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 नुसार गावातील गुन्ह्याची माहिती ठाण्याला कळवणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य आहे; निदान आम्हाला तरी सांगा.

शेतकरी: दोन तक्रारी तोंडीच राहिल्या आहेत. उद्या लेखी देतो आणि पोच घेतो.