व्हाइटचॅपलचे खून आणि लंडनच्या गरीब वस्त्यांवरील कादंबऱ्या

प्रश्न – नौपाड्यातील वाचक, ठाणे
ठाण्यातील आमच्या वाचनगटात सध्या आर्थर मॉरिसन यांची ‘अ चाइल्ड ऑफ द जागो’ (१८९६) ही कादंबरी चर्चेला आहे. तिच्यातील बायका अनोळखी पुरुषांना गोड बोलून घरी आणतात आणि दबा धरून बसलेला साथीदार फूटभर लांबीच्या लोखंडी गजाने त्यांना आडवे करून लुबाडतो. हे वाचताना १८८८ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या आणि आजवर न उलगडलेल्या स्त्रियांच्या खुनांची आठवण होते. अशा कादंबऱ्यांतून त्या खुनांचा काही माग लागतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – वाशीकर
खुनी कोण, याचा माग लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जागो’ म्हणजे पूर्व लंडनमधील ओल्ड निकोल ही खरीखुरी वस्ती. तेथील पाद्री ऑस्बर्न जे यांच्या आमंत्रणावरून मॉरिसन तेथे फिरले, पण तेही खुनांनंतर काही वर्षांनी. मात्र खून झालेल्या स्त्रिया अपरात्री रस्त्यावर का होत्या, हे अशा कादंबऱ्या वाचल्यावर नीट उमगते. मेरी ॲन निकोल्स यांना ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर थ्रॉल स्ट्रीटवरील लॉजिंग हाउसमधून (रात्रीपुरती खाट भाड्याने देणाऱ्या घरातून) बाहेर काढले गेले, कारण खाटेच्या भाड्याचे चार पेन्स त्यांच्यापाशी नव्हते. पैसे आत्ता मिळवून आणते, माझी ही नवी टोपी तर पाहा, असे त्या हसत म्हणाल्या आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास बक्स रो येथे त्यांचा मृतदेह सापडला. आठवडाभराने, ८ सप्टेंबरला, ॲनी चॅपमन यांच्यावरही खाटेच्या पैशांअभावी बाहेर पडण्याची वेळ आली आणि त्याही परतल्या नाहीत. मला खुन्याच्या नावापेक्षा हे चार पेन्स अधिक अस्वस्थ करतात. त्यांच्याकडे पाठ फिरवून संशयितांच्या याद्या करत बसणे मला पटत नाही.

उत्तर – कोपरीकर
वाशीकरांशी सहमत आहे. एक पुरवणी जोडतो. पोलिसांच्या व्हाइटचॅपल खुनांच्या दप्तरातील पहिले प्रकरण एम्मा स्मिथ यांचे असून, एप्रिल १८८८ मध्ये प्राण सोडण्यापूर्वी त्यांनी आपल्यावर टोळक्याने हल्ला केल्याचे सांगितले होते. हे टोळके ओल्ड निकोलचे असावे, असे पुढे काही लेखकांनी लिहिले खरे, परंतु तो तर्कच आहे. शिवाय कादंबरीत स्त्री गळ टाकते आणि पुरुष नागवला जातो, तर व्हाइटचॅपलच्या गल्ल्यांत जीव गेला तो स्त्रियांचा. आपल्या गटात हा फरक अवश्य चर्चेला घ्यावा.