शब्दचर्चा: एका पत्रकातल्या चार ‘लेव्हल’

मार्कंडेयाकाठी
नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी अडकले आहे, मदत करा.

मी बेळगावात छातीच्या रोग्यांच्या विभागात काम करते. ऑक्सिजन लावून घरी पाठवतो त्या पेशंटांसाठी एक पानी पत्रक मराठीत करायचं आहे. कन्नड पत्रक तयार आहे. पण खानापूरकडची, निपाणीकडची, तिकडून चंदगड-आजऱ्याची माणसं ते घडी घालून पिशवीत ठेवतात ते कायमचंच.

अडलंय ते ‘लेव्हल’पाशी. मागे एका आजोबांना आम्ही घरी सोडलं. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, फुफ्फुसं जुनी झालेली. मशीन एक लिटरवर ठेवून दिलं आणि मुलाला सांगितलं, “लेव्हल नव्वदच्या आसपास राहू दे.” दुसऱ्या दिवशी बोटावर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या बोटाच्या चिमट्यावर, ८९ दिसलं. मुलगा घाबरला आणि मशीनची ‘लेव्हल’ एकवरून चारवर नेली. संध्याकाळी बोटावर ९७. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आजोबा शांत झोपले, आणि सकाळी हाका मारल्या तर नुसते हुं हुं करत होते. अशा जुन्या आजारात काही जणांना ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर कार्बन डायऑक्साईड अंगात साठत जातो आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून तर त्यांच्यासाठी ८८ ते ९२ पुरे असतं, इतरांसारखं ९४ ते ९८ गाठायचं नसतं. आजोबा बचावले. पण मुलगा माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, “तुम्हीच लेव्हल बघा म्हटलासा की.” त्याचं काहीही चुकलं नव्हतं. शब्द आमचा चुकला होता.

मग मोजलं. त्या एका घरात ‘लेव्हल’ चार होत्या: जादाच्या सिलिंडरच्या काट्यावरचा दाब, मशीनमधून मिनिटाला किती लिटर सुटतो ते, ओलाव्याच्या बाटलीतलं पाणी, आणि बोटाच्या चिमट्यावरचा आकडा. चौघांना चार शब्द द्या. कणकुंबीच्या आजीला फोनवर कळले पाहिजेत, एवढीच अट.

जुनं टिळकवाडी
ताई, शब्द तयार आहेत. दाब, प्रवाह, जलपातळी, संपृक्तता. शाळेत ‘संपृक्त द्रावण’ आपण सगळेच शिकलो. विरघळायचं तेवढं विरघळलं, आता आणखी मावत नाही, ते संपृक्त. अर्थ चोख बसतो. आणि पत्रकात ‘ऑक्सिजन’ कशाला? ‘प्राणवायू’ लिहा. सीमाभागात मराठीचा एकेक फलक टिकवायला किती खटपट करावी लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. जो कागद आपल्या हातात आहे, त्यावर तरी आपली भाषा असू द्या.

निपाणी नाका
काका, तुमची कळकळ कळते. पण मी वीस वर्षं वॉर्डात नर्स आहे. ‘संपृक्तता’ फोनवर म्हणून बघा. पलीकडून “काय तुटला?” असं येईल. आमच्याकडे नातेवाईक ‘बोटाचा आकडा’ म्हणतात आणि ते सगळ्यांना कळतं.

फक्त तो आकडा कुठल्या बाजूने वाचायचा तेही पत्रकात घाला. त्या चिमट्यावरचे आकडे इंग्रजी असतात. एकदा एक पोरगं पळत आलं, “सिस्टर, आईचं ८६ झालंय!” मी गेले. आई उशीला टेकून चहा पीत होती. पोरगं पायथ्याशी उभं राहून बघत होतं. तिच्या बाजूने बघितलं तर ९८. ते ९८ उलटं धरलं की ८६च दिसतं. काही मशीनमध्ये पडदा फिरवायचं बटण असतं, काहींत नसतं. शिवाय दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. नाडी ९२ आणि ऑक्सिजन ८४ असला की घरचे बरोबर ९२ तेवढं सांगतात.

घटप्रभा
‘प्राणवायू’वरून आठवलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत मराठीत, पुढे कन्नडात. कन्नडात ऑक्सिजनला ‘आम्लजनक’, हायड्रोजनला ‘जलजनक’. मला तेव्हा वाटायचं, कन्नड शब्द शास्त्रीय आणि मराठीतला ‘प्राणवायू’ भाविक. पुढे कळलं ते उलटंच. ‘ऑक्सिजन’ हे नाव लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७७ मध्ये ग्रीक शब्दांवरून घडवलं, अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. सगळ्या आम्लांत हा वायू असतो अशी त्याची समजूत होती. ती चुकीची निघाली. मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, ऑक्सिजन नसतो हे हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१० मध्ये दाखवलं. म्हणजे कन्नडाने लाव्हाझिएची चूक इमानाने भाषांतर करून ठेवली आहे. जर्मनांनीही तेच केलं. ‘प्राणवायू’त ती चूक नाही.

जुनं टिळकवाडी
वा! हेच तर म्हणतोय मी. आपला शब्द अधिक खरा आहे.

पारिजात, शहापूर
थांबा. मी योग शिकवते. ‘प्राण’ हा पाच वायूंपैकी एक: प्राण, अपान, व्यान, उदान, समान. त्याची जागा आणि कामं ठरलेली आहेत. सिलिंडरमध्ये भरतात तो हा प्राण नव्हे. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी प्राणायामाने ‘प्राणवायू’ वाढतो म्हणून मशीन बंद करून ठेवलं होतं. एकाच शब्दाने दोन कामं केली की असं होतं. मार्कंडेयाकाठी ताईंची तक्रारही तीच आहे ना?

आणि घटप्रभा, ‘प्राणवायू’ फार देशी समजू नका. त्या काळात युरोपातही या वायूला ‘व्हायटल एअर’ म्हणत, म्हणजे जीव राखणारी हवा. आपला शब्द त्याच वळणाचा आहे.

घटप्रभा
वळण तेच असेल, पण म्हणून तो शब्द उसना ठरत नाही. श्वास थांबला की ‘प्राण गेला’ हे आपण कुणाकडून शिकलो नाही.

शेतवडी
मी यमकनमर्डीकडचा शेतकरी. तुम्ही ‘नायट्रोजन’ म्हटलात तर मी क्षणभर थांबेन. ‘नत्र’ म्हटलात की लगेच कळेल, कारण नत्र, स्फुरद, पालाश खताच्या पोत्याबरोबर घरात आले. ‘सेंद्रिय कर्ब’ही माती तपासणीच्या कागदावरून कळतो. शब्द कठीण आहे की सोपा, हे शब्दावर नसतं. रोज हाताला लागतो का, यावर असतं. ‘संपृक्तता’ पोत्यावर छापून आली असती तर आम्ही तीही म्हटली असती.

मार्कंडेयाकाठी
शेतवडी, हे फार कामाचं बोललात. आमचं घरगुती मशीन तेच तर करतं! खोलीची हवा आत ओढतं, आतल्या दाण्यांवर नत्र धरून ठेवतं आणि उरलेला ऑक्सिजन पुढे सोडतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, मशीनमधून सुटतो तो साधारण ९० ते ९६ टक्के. “मशीन ऑक्सिजन तयार करतंय, मग त्यात भरायला कधी येणार?” असं विचारणाऱ्यांना “नत्र गाळून टाकतं” एवढं सांगितलं तर चटकन कळेल.

पण मंडळी, माझे चार शब्द राहिले. आणि या टक्क्यांनीच घोळ वाढतो. हवेत २१ टक्के, मशीनमध्ये ९३ टक्के आणि बोटावर ८९ टक्के. लोक विचारतात, “मशीन ९३ देतंय, मग बोटावर ८९ का?” हे टक्के कशाचे, हे सांगणारा शब्द हवा आहे.

निवृत्त मास्तर, नंदगड
मी वर्गात असं सांगायचो. रक्तातली लाल द्रव्यं म्हणजे एसटी. फुफ्फुसाच्या बारीक फुग्यांपाशी गाडी लागते. तिथे पडदा इतका पातळ की ऑक्सिजन सरळ आत चढतो आणि कार्बन डायऑक्साईड उतरतो. बोटाचा आकडा म्हणजे शंभर सीटांपैकी किती भरल्या. चिमट्यात दोन उजेड असतात, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा. भरलेली सीट आणि रिकामी सीट ते वेगवेगळे शोषतात, त्यावरून हिशेब निघतो.

यातून ‘लेव्हल’ शब्द का फसवतो तेही दिसतं. अंगात रक्तच कमी असेल तर गाड्याच कमी, पण आहेत त्या भरलेल्या. आकडा ९८, आणि बाई जिना चढताना बसते. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साईड सीटवर येऊन बसतो, आणि साध्या चिमट्याला तो आपलाच प्रवासी वाटतो. माणूस बेशुद्ध, आकडा झकास. म्हणून माझा शब्द ‘भरती’. “बोटाची भरती ८९.”

निपाणी नाका
सर, समजावलंत छान. पण दवाखान्यात ‘भरती’ म्हणजे ॲडमिट. “भरती ८९ झाली” म्हटलं तर वॉर्डात कॉट आहे का म्हणून विचारतील.

जुनं टिळकवाडी
हेच होतं बोलीतले शब्द ओढून आणले की. म्हणून शास्त्राला घडवलेला शब्द लागतो, ज्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही. ‘महापौर’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा लोकांना परकाच वाटला असेल. आज कोण अडखळतं?

शेतवडी
महापौर कळायला दहा वर्षं लागली तरी कुणी गुदमरलं नाही, काका.

जुनं टिळकवाडी
ते मान्य. पण दहा वर्षांनी येणाऱ्या पेशंटसाठी आज कुणीतरी सुरुवात करायला हवी. सगळ्यांनीच ‘आकडा’ म्हटलं तर मराठी फक्त स्वयंपाकघरात उरेल, हे मी मनापासून सांगतो.

खानापूरची माती
माझी आज्जी दोन वर्षं मशीनवर होती. चुलीच्या धुराने छाती गेलेली. तिला ‘लेव्हल’ शब्द आम्ही शिकवला नाही, कारण तिचे स्वतःचे शब्द होते. सिलिंडरच्या घड्याळाला ‘काटा’. पाण्याच्या बाटलीला ‘बुडबुडे’. चिमट्याला ‘बोट’. आणि मशीनच्या नळीत ती छोटी गोल वस्तू वर-खाली होते ना, तिला ‘गोटी’. बाहेर जाताना मी विचारायचो, “आज्जे, काय बघून ठेवू?” ती म्हणायची, “मी बघतो की. गोटी दोनवर हाय, बुडबुडे येऊलालेत, तू जा.”

तिचं कधी चुकलं नाही. कारण काय वाढलं-कमी झालं हे ती सांगायचीच नाही, काय दिसतंय ते सांगायची.

मार्कंडेयाकाठी
हे वाचून मी उठून वॉर्डात जाऊन मशीनकडे बघून आले. खरंच, चारही ठिकाणी दिसणारी वस्तू वेगळी आहे: काटा, गोटी, बुडबुडे, बोट. “गोटी एकवर ठेवा. रेघ गोटीच्या मधोमध आली पाहिजे. बोटावर ८९ दिसलं तरी गोटी हलवायची नाही, आम्हाला फोन करायचा.” हे वाक्य त्या मुलाकडे असतं तर!

निपाणी नाका
आमच्याकडे तिला ‘गोळी’ म्हणतात. पण गोळी नकोच. “गोळी दोन करा” म्हटलं की औषध दुप्पट खातील. गोटी बरी.

पारिजात, शहापूर
‘मणी’ म्हटलं तर? गोटी म्हणजे पोरांचा खेळ.

खानापूरची माती
मणी दोऱ्यात ओवलेला असतो. ही मोकळी उडते.

जुनं टिळकवाडी
दवाखान्याच्या पत्रकात ‘गोटी’ आणि ‘बुडबुडे’? शेजारी कन्नड पत्रक सगळं शास्त्रीय परिभाषेत असणार. आपलं पत्रक त्याच्यापुढे बालवाडीचं दिसेल. निदान कंसात ‘प्रवाहमापक’ तरी लिहा.

घटप्रभा
काका, ते कन्नड पत्रक मी वाचलंय. त्यातही ‘लेव्हल’च आहे, कन्नड लिपीत. तिकडच्या माणसांचंही हेच होत असणार.

मार्कंडेयाकाठी
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कन्नड पत्रक करणाऱ्या सहकाऱ्यांना आजच दाखवते.

निवृत्त मास्तर, नंदगड
पत्रकात ‘धाप’ लिहिणार की ‘दम’? आमच्याकडे “दम लागूलालाय” म्हणतात. हा दम फारसीतला, श्वास या अर्थाचा, आणि दमाही तिथलाच. शम-दमातला संस्कृत दम वेगळा, तो आवरण्याचा.

शेतवडी
‘दमणे’ मग कुठल्या दमातून, मास्तर? नांगर ओढून बैल दमतो तो श्वासाने दमतो की आवरल्याने?

पारिजात, शहापूर
मला तो संस्कृत वाटतो. दमलेला म्हणजे नमवलेला.

घटप्रभा
इकडे कन्नडातही ‘दम्मु’ म्हणतातच. माझी सासू “दम्मु” म्हणते आणि आई “दम” म्हणते. दोघी एकमेकींची भाषा बोलत नाहीत, पण या एका शब्दावर एकमेकींना पाठ चोळून देतात.

मार्कंडेयाकाठी
मास्तर, ‘दम’ लिहिते. कच्चा कागद गुरुवारी ओपीडीत चार जणांना वाचायला दिला. ‘गोटी’पाशी चौघांनीही मशीनवर बरोबर जागी बोट ठेवलं. ‘बोटावरचा आकडा’ तिघांनी ओळखला. चौथ्या बाईंनी चिमटा न बघता आपलंच बोट निरखून बघितलं, नख निळं झालंय का म्हणून. त्या चुकल्या असं मला म्हणवत नाही, कारण तेही बघायचंच असतं. पण मग ती ओळ अजून मोकळी ठेवली आहे.

जुनं टिळकवाडी
मोकळी आहे तर ‘संपृक्तता’ लिहून एकदा त्याच बाईंना दाखवा. मग मी गप्प बसेन.