निर्धार कमी पडला म्हणजे विश्वास कमी?

नगरी मसाला
परवाच्या 'निर्धार असेल तर सगळं जमतं' या पोस्टला उत्तर. पहाटे 4 ला उठा, वर्षात पवित्र शास्त्र संपवा, नाही जमलं तर प्रभूवर प्रीतीच नाही, असं त्यात म्हटलंय. जरा हिशेब करा. 1,189 अध्याय, दिवसाला सव्वातीन. उत्पत्तीचे 50, निर्गमाचे 40. जानेवारी संपता संपता माणूस लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या दारात. तिथे चार दिवस बुडाले की 13 अध्यायांची थकबाकी, आणि पाचव्या दिवशी पुस्तक उघडायचीच धास्ती. यात दोष आखणीचा आहे, निर्धाराचा नाही. त्यापेक्षा मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16 अध्यायांचं. रोज दहा-बारा वचनं, सकाळच्या चहाला जोडून, दोनदा मोठ्याने. बुडलेला दिवस भरून काढायचा नाही, सरळ पुढचा उतारा घ्यायचा.

फक्त कृपा
म्हणजे 4 वाजताच्या जागी चहा आणला, एवढंच. नियम तो नियमच. पौलाचं गलतीकरांस पत्र, 3:3 वाचा: आत्म्याने सुरुवात करून आता देहाने शेवट करणार का?

पापडीची बाय
फक्त कृपा, मग गलती 5 पण वाचा. संयम तिथे आत्म्याच्या फळांत आहे. आणि 'माणूस स्वतःच्या जोरावर धार्मिक होतो' हे पेलागियस या जुन्या धर्मशिक्षकाचं म्हणणं कार्थेजच्या चर्च-परिषदेने 418 मध्येच फेटाळलं. त्या पोस्टवाल्याला सांगा, तो आमच्यापेक्षा पेलागियसच्या जवळ आहे.
बाकी रात्रीची आत्मपरीक्षा करून बघा. संत इग्नाशियसचे पाच टप्पे: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा संकल्प. पाऊण तास नको, 15 मिनिटं पुरे. बिघडतं कुठे? लोक आभार गाळतात आणि थेट पापांच्या यादीवर येतात. आठवड्याभरात ते स्वतःलाच झोडपणं होतं आणि सुटतं. आणि संकल्प एकच ठेवायचा, नावगाव असलेला: 'उद्या जेवताना सासूबाईंना तोडून बोलायचं नाही.' 'चांगलं वागेन' हा संकल्प नव्हे.

फक्त कृपा
वा. तुम्ही शिस्तीच्या गप्पा मारता आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या, शुक्रवारी मटण सोडून सुरमईचं कालवण ओरपता. त्याग म्हणे!

पापडीची बाय
सुरमईचा भाव विचारलाय का कधी? आम्हा कॅथलिकांचा नियम मांसाचा आहे, माशाचा नाही, आणि वयाच्या 14 पासून लागू. उपास वेगळा: राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, वय 18 ते 59, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं. माहिती नसताना टोमणे मारू नका.

नगरी मसाला
टोमणा सोडा, प्रश्न खरा आहे. वाचलेले पैसे जातात कुठे? यशया 58 मध्ये उपासासोबत भुकेल्याला भाकर आहे. त्याच दिवशी, त्याच रकमेचं पाकीट बाजूला काढलं नाही तर तो उपास नव्हे, पथ्य.

अर्धवटराव
रविवारी सूट असते ना? मग शनिवारी रात्री 12 ला चिकन चालेल?

पापडीची बाय
आमच्यात आता शनिवारी बंदी नाही. तुम्ही स्वतःहून काही सोडलं असेल तर गोष्ट वेगळी. रविवारचं म्हणाल तर, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत 46 दिवस, त्यातले 6 रविवार वजा, म्हणून 40.

जुना सेक्सटन
चूक. चर्चच्या 1969 च्या नियमांप्रमाणे प्रायश्चित्तकाळ पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्साआधी संपतो. पहिल्या रविवारपासून गुरुवार मोजा, रविवार धरूनच 40 भरतात.

पापडीची बाय
अहो, तो उपासनेच्या दिनदर्शिकेचा हिशेब. उपासाच्या दिवसांचा जुना हिशेब 46 वजा 6 हाच.

जुना सेक्सटन
मग तसं लिहायचं होतं.

फक्त कृपा
तुमचे 40 चे 46 चालू द्या. पाकिटाचं मान्य, कारण ते वचनात आहे. आत्मपरीक्षेत आभार आधी हेही ठीक, नाइलाजाने. पण 'आज आत्मपरीक्षा झाली का?' असं पाळक मंडळीत हजेरीसारखं विचारायला लागले की मी उठून जाणार. मत्तय 6 मध्ये प्रार्थना आणि उपास गुप्तपणे करा असं म्हटलंय.

नगरी मसाला
हजेरी कुणी मागितली? एका माणसाला सांगा, आठवड्यातून एकदा, आणि तेही 'कुठे अडलं' एवढंच. किती दिवस झाले ते विचारायचंच नाही. आकडा विचारला की लोक खोटं बोलतात.

अर्धवटराव
चिकनचं उत्तर कुणी नीट दिलंच नाही.