शाळेतल्या मुलीला फोनवरून डॉक्टरांना दाखवता येईल का?

शिक्षिका, देवगड तालुका:
आमची जिल्हा परिषदेची शाळा, पट १९. चौथीतली एक मुलगी फळ्याकडे बघताना डोळे बारीक करते, नखंही पांढरीफटक. आईवडील पहाटेच बंदरावर. तालुक्याला न्यायचं तर दिवसाची मजुरी बुडते. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टर-सेवेवर, दाखवू का? रेंज फक्त मागच्या पारावर, तीही पाऊस नसला तर.

आशाताई, राजापूर:
बाई, चष्म्याचा नंबर काय फोनवर निघायचा नाही हो! नखांसाठी मात्र उपकेंद्रात न्या. तिथे हिमोग्लोबिन बघतील आणि तिथूनच डॉक्टरांना कॉल लावून देतील.

निवृत्त आरोग्यसेवक:
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदाच. वाट बघू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. आठवड्याची गुलाबी गोळी देताय ना? ४५ मिलिग्रॅम लोह असतं तिच्यात, पण चहावर दिलीत तर अंगी लागत नाही. (आमच्याकडची पोरं ती माडाच्या आळ्यात टाकायची.)

शिक्षिका, देवगड तालुका:
अरे देवा, सगळी चहा-बटर खाऊनच येतात आणि आम्ही प्रार्थनेनंतर लगेच गोळी देतो! सोमवारपासून खिचडीनंतर.