शाळेच्या मुलांना खडपात उतरवावं का?

शिंपली: २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. मी मुंबईत विज्ञान शिकवते. यातला एक दिवस तरी वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरच्या खडकांत जावा, असं माझं ठाम मत आहे. जैविक-अजैविक घटक मुलं घडाघडा म्हणतात. पण वर बारीक शंख, मध्ये कालवं, खाली शेवाळ असे पट्टे का पडतात, हे तिथे उभं राहिल्यावरच उमगतं. उन्हात, पाण्याबाहेर जास्त वेळ तग धरणारेच वर राहतात. दोरीची चौकट टाकून तिच्या आतले जीव मुलांना मोजू द्या, दगडाखाली डोकावू द्या.

ओहोटी६: साफ विरोध. साठ मुलं, एकशेवीस पाय! एक दगड उलटला की खालचे स्पंज, अंडी, बारके खेकडे उन्हात सुकतात. तो परत तसाच कोण ठेवतो? प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. कोस्टल रोड बांधताना हाजी अली-वरळीचे प्रवाळ दुसरीकडे हलवावे लागले. इतक्या जपायच्या जागी सहली कशाला? माहीम निसर्ग उद्यान आहे की. कचराभूमीवर उभं केलेलं जंगल आहे, चालायला नीट वाटा आहेत.

शिंपली: उद्यान मलाही आवडतं, पण तिथे मुलं रांगेत चालतात आणि पाट्या वाचतात. साठ मुलं मलाही नकोत. एका वेळी पंधराच न्यावीत.

खाडीकाठ: दोघंही वेळेचं बोलत नाही. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. शाळेची बस नऊला पोचली तर पाणी चढत असतं, आणि शेवाळावर मुलं पटकन पळू शकत नाहीत. आमच्या कोळीवाड्यात तिथी न बघता कुणी खडपात उतरत नाही.

शिंपली: म्हणून चतुर्थी धरायची. ओहोटी रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे ती नऊच्या पुढेमागे येते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाइतकं पाणी ओसरत नाही, तरी कालवांचा पट्टा उघडा पडतो. आठला पोचायचं, पाणी वळलं की बाहेर.

ओहोटी६: वेळ पटली. पंधराची अटही पटली, फक्त एका वर्गाला चार फेऱ्या करायला शाळा शिक्षक देणार आहे का, ते आधी लेखी घ्या. दगड उलटायला मात्र माझा विरोध कायम. चौकटीत वरून दिसेल तेवढंच मोजा.

शिंपली: एक दगड, तोही मी स्वतः उलटणार आणि लगेच होता तसा ठेवणार. खालचं जग न दाखवता मुलांना परत आणायला मी तयार नाही.